मोरबेटाच्या चिंध्या

मोरबेटाचा रमणा पायी फिरून यायचा, असं मी वर्गात जाहीर केलं तेव्हा तिथं कसं जातात हे मला मुळीच ठाऊक नव्हतं. पण आधी जाहीर करून टाकलं की पुढचं आपोआप सुचतं, असा माझा हल्लीचा अनुभव आहे.

रमणा म्हणजे सरकारी शिकारीसाठी राखलेलं रान. देगलूरकडे जाणारी मोटार अगदी फाटकाशी सोडते. आत टेकडी आहे, तिला सगळे बेट म्हणतात, आणि बेटावर पायवाटांचा नुसता गुंता. उमरीचा आमचा एक लांबचा चुलता म्हणे इकडून चढला, वाट चुकून पलीकडे उतरला आणि तिथंच लग्न करून राहिला.

"म्हणूनच नको," दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे वडील, शेषेराव. नांदेडच्या कचेरीत पेशकार आहेत आणि घरातही फर्मान काढल्यासारखंच बोलतात. मी दोन दिवस जेवताना गप्प बसले. मी गप्प बसले की घरात सगळ्यांना भीती वाटते. शेवटी फर्मान निघालं, "जा. पण दिवेलागणीच्या आत उंबऱ्याच्या आत. नाही दिसलीस तर शाळा बंद. आठवी खूप झाली पोरीच्या जातीला."

सोबतीला केवळाआत्या दिली. दादांची थोरली बहीण. तिनं जन्मात मोटार पाहिली नव्हती, पण भाकऱ्यांचं गाठोडं असं बांधलं की जणू आम्ही काशीलाच निघालो होतो.

मोटारीत मागे जनाना, म्हणजे बायकांची जागा. मध्ये जाड हिरवा पडदा, खिडक्यांनाही तसलाच पडदा. आत माझ्या वर्गातल्या सिंधु आणि प्रेमला, मी, आत्या, आणि सीताफळांच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या पाच-सहा बाया. बाहेर अख्खं जग, पण ते दिसायची सोय नाही. मी पडद्याची कड जरा उचलली तर कंडक्टर ओरडला, "बीबी, पर्दा छोड़ो!" त्याला पाठीमागे डोळे होते की काय कोण जाणे.

"आता कुठं आलो गं?" सिंधु सारखी विचारायची. "पडद्यात," प्रेमला म्हणायची.

फाटकाशी उतरलो. टोपलीवाल्या बायाही सीताफळं गोळा करायला उतरल्या. आत्या चपलेतला काटा काढत मागं राहिली आणि मी पिशवी उघडली. आईच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून आणल्या होत्या. "प्रत्येक फाट्यावर एक चिंधी झाडाला बांधायची," मी मैत्रिणींना सांगितलं. "येताना चिंधी बघत उतरायचं. चुकायचं कामच नाही."

"तुला हे सुचतं कसं गं?" सिंधु म्हणाली. मी मान जराशी उडवली. सुचतं, तर सुचतं.

मग आम्ही जे निघालो! काय ती वाट! दोन्हीकडं पिवळं गवत कमरेएवढं, आणि एक मोर तर असा ऐटीत आडवा गेला जसं काही तालुकदारसाहेबच. फाटा आला की मी चिंधी बांधायची. आत्या पार मागं होती, त्या टोपलीवाल्या बायांशी गप्पा हाणत. तिचा आवाज मात्र आमच्याही पुढं जात होता.

माथ्यावर गाठोडं सोडलं तर त्याचं फडकं एवढंसं. अर्ध्या भाकऱ्या आत्याच्या ओटीत.

"आत्या, फडकं असं कसं झालं?"

"आटलं," आत्या म्हणाली. "चटणी घे."

खाली नदी चकाकत होती आणि देगलूरचा रस्ता दोरीसारखा दिसत होता. आपण पडद्याआडून आलो तो रस्ता हाच, हे बघून मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना अजून थोडं बसायला लावलं. तेवढं बसायला नको होतं. ऊन कललं आणि आम्ही उठलो.

पहिल्या फाट्यावर आले आणि थांबले. चिंधी होती. डाव्या वाटेवर होती. उजव्याही वाटेवर होती. समोरच्या बोरीला तर अकरा-बारा होत्या, लाल, हिरव्या, एक निळी काठासकट. पुढं बघावं तिकडं चिंध्या. अख्खं रान नटून बसलं होतं.

"सौदामिनी," सिंधु रडवेल्या आवाजात म्हणाली, "तू इतक्या कधी बांधल्यास?"

मी आत्याकडं वळले. "आत्या, या कोणी बांधल्या?"

"मी बांधल्या की. अन् त्या टोपलीवाल्या गौरम्मानं, अन् तिच्यासंगतीच्या बायांनी. झाडाझाडाला चिंध्या दिसल्या, म्हणलं ठाणं असंल देवाचं. सगळे बांधून राहिले अन् आपण रिकाम्या हातानं जावं? मला काही बरं वाटंना. म्हणून फडकं फाडलं."

"अगं देव नाही तो! मी बांधल्या होत्या!"

आत्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग आवाज खाली आणला. "तू? नवस केलास? कशापायी? नवऱ्यापायी का गं?"

"वाट कळावी म्हणून!"

"मग तसं सांगायचं न्हाई? मी गौरम्माला सांगून बसले, देव लई कडक हाय म्हणून."

आता हसायची वेळ नव्हती, तरी प्रेमला गवतात बसून हसली. मला मात्र दादा दिसत होते, उंबऱ्यात उभे. उद्यापासून दप्तर माळ्यावर आणि मी चुलीपुढं. मी ठासून म्हटलं, "चला, हीच वाट." ती वाट वळून वळून पुन्हा त्याच बोरीशी आली. दुसरी घेतली. तीही बोरीशीच. बोरीला तोवर आणखी एक चिंधी लागली होती.

"ही कोणाची?"

"माझी," सिंधु हुंदका देत म्हणाली. "रिबीन बांधली. आता देव असला तर बरं होईल."

तेवढ्यात खालून भोंगा वाजला. पों पों! थांबून पुन्हा पों पों! मोटारीचा भोंगा असा कधी वाजत नाही. एकदा वाजतो आणि मोटार जाते. मी वाट सोडली, चिंध्या सोडल्या आणि आवाजाच्या दिशेनं गवतातून सरळ खाली पळत सुटले. मागून सिंधु, प्रेमला आणि ओचा खोचून आत्या. आत्या सगळ्यांच्या पुढं कधी गेली ते कळलंच नाही.

रस्त्यावर आमचीच मोटार देगलूरहून परतून उभी, आणि आत एकटा ड्रायव्हर भोंगा दाबत बसलेला. उतारू सगळे फाटकाजवळच्या पहिल्या झाडाभोवती! गौरम्मानं खाली येऊन देवाची बातमी दिली होती. कोणी पागोट्याचं टोक फाडत होतं, कोणी रुमाल. कंडक्टरही गाठ मारत होता.

"तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"अपना क्या जाता, बीबी? टायर हर हफ्ते फुटता."

आम्ही जनान्याशी गेलो आणि बघतच राहिलो. बायांनी आपली लुगडी कशाला फाडायची, म्हणून पडदे फाडले होते. खिडक्यांचे तर साफच गेले होते.

"अरे, सरकारी पर्दा है!" कंडक्टर किंचाळला.

"देव बी सरकारी रानातलाच हाय," गौरम्मा म्हणाली आणि टोपली मांडीवर घेऊन ऐसपैस बसली.

तसे आम्ही नांदेडला आलो, उघड्या खिडक्यांनी. ज्वारीची रानं, लाल सूर्य, बैलगाड्या, सगळं फुकट बघायला. "आगं, हे सगळं इथंच होतं व्हय?" आत्या म्हणाली.

घरी आलो तेव्हा तुळशीपुढं दिवा लागून गेला होता. दादा उंबऱ्यातच होते. मी आत्याच्या मागं सरकले.

"दिवा लागला," दादा म्हणाले.

"मोटारीला वखुत झाला, शेषा," आत्या पुढं झाली. "मोरबेटावर देव निघालाय. सगळी मोटार उतरली चिंधी बांधायला. बदलीबिदलीच्या कामाला लई कडक हाय म्हणत्यात."

दादांची बदली अडीच वर्षं अडकलेली आहे. त्यांच्या भुवया हलल्या.

मला राहवेना. "दादा, तो देव नाही. त्या चिंध्या मीच बांधल्या होत्या, वाटेच्या खुणेसाठी."

"चूप!" दादा कडाडले. "देवाची चेष्टा करतेस? हेच शिकवतात शाळेत?" मग घसा खाकरून दुसऱ्याच आवाजात म्हणाले, "या शुक्रवारी कचेरीला सुट्टी आहे. वाट ठाऊक आहे ना तुला?"

"तोंडपाठ," मी म्हटलं. "पण दादा, वाट दाखवायची तर मला शाळेत भूगोल पुढं शिकावा लागेल."

दादांनी वर बघितलं, खाली बघितलं. "बघू," म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे हो.

मी आत जाऊन आईकडं आणखी एक जुनं लुगडं मागितलं. आत्यानं पाय चोळता चोळता सांगितलं, "दोन घे गं. अन् या बारीला माझ्या फडक्याला हात लावू नगा."