फोटोपुरती पाटोडी

बाबाराव ढोके स्वयंपाक शिकायला लागले ते काही हौसेनं नव्हे. लेक श्वेता हैदराबादला बाळंत व्हायची होती आणि गोपिकाबाई तीन महिन्यांसाठी तिच्याकडे निघाल्या होत्या. नवऱ्याची मजल चहापुढे जात नाही, हे त्या अडतीस वर्षं बघत होत्या. शेवटी श्वेतानंच तिकडून एका ऑनलाइन कोर्समध्ये बाबांचं नाव घातलं. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकराला, फोनवर वर्ग. शिकवायला माया मॅडम. वर्ग झाला की पदार्थ करायचा आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, हा गृहपाठ.

"फोटो? एवढंच ना?" बाबाराव बायकोला म्हणाले. "मंग जाय तू बिनघोर."

सीताबर्डीवर पस्तीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कुणाचं टक्कल झाकून, कुणाचं पोट लपवून त्यांनी कितीतरी नवरदेव खपवले होते. त्यापुढे वरणाची काय कथा!

पहिल्याच दिवशी माया मॅडम म्हणाल्या, "मीठ चवीनुसार." बाबाराव विचारात पडले. चव घेणार कोण? त्यांचा दोन वेळचा डबा गल्लीतल्या खानावळीतून येत होता. आणि मीठ तर फोटोत दिसत नाही. जे दिसत नाही ते घालायचं काहून?

मग त्यांचा धडाका सुरू झाला. ताट खिडकीशी ठेवायचं, समोरून पांढरा थर्माकोल धरायचा, भाजीवर बारीक ब्रशनं तेल फिरवायचं. भरल्या वांग्याला त्यांनी असा उजेड दिला की ग्रुपवरच्या पोरी "वा काका, वा!" करत सुटल्या. "याला म्हणतात गृहपाठ," मॅडमनी लिहिलं. महिन्याभरात बाबाराव वर्गात पहिले. केलेला पदार्थ ते फाटकापाशी गायीपुढे ठेवत. चार दिवस ती गाय आली. पाचव्या दिवसापासून तिनं रस्ता बदलला.

गोपिकाबाई मात्र प्रत्येक फोटो काटोलला श्वेताच्या सासूसासऱ्यांना पाठवत होत्या. त्याचं फळ एका मंगळवारी फोनवरून आलं.

"इवाईबुवा," पलीकडून व्याही विश्वनाथराव बोलत होते, "परवा डोळे दाखवाले नागपूरले येऊन राहिलो. पाटोडी-रश्श्याचा फोटो पाहिला तवापासून तोंडाले पाणी सुटून राहिलं. जेवाले तुमच्याकडंच!"

बाबारावांनी तडक हैदराबादला फोन लावला. "हॉटेलातून आणू काय वं?"

"खबरदार!" गोपिकाबाई म्हणाल्या. "वर्गात पहिले आले म्हून मी साऱ्या खानदानाले सांगून बसली. रांधा आता."

गुरुवारी बाबाराव पहाटेच ओट्यापाशी उभे राहिले. धड्याचं रेकॉर्डिंग थांबवत थांबवत त्यांनी बेसन घोटलं. पहिल्यांदा गुठळ्या, दुसऱ्यांदा लापशी. तिसऱ्यांदा मात्र ते ताटावर मुकाट्यानं थापलं गेलं. वड्या सुरीनं अशा चौकोनी कापल्या की पासपोर्ट फोटोच. रश्श्यावर लालभडक तर्री आली. जीव ओतून केलेला असा हा पहिलाच स्वयंपाक.

व्याही-विहीण आले, पाटावर बसले. ताटं वाढली आणि बाबारावांच्यानं राहवलं नाही. "दोनच मिनिटं जी," म्हणत त्यांनी थर्माकोल काढला. दोनाची वीस झाली. भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेले विश्वनाथराव शेवटी म्हणाले, "इवाईबुवा, हात खाली घेऊ काय? मुंग्या आल्या."

जेवण सुरू झालं. बाबारावांनी पहिला घास तोंडात घातला. रस्सा ठार अळणी होता. हाताला मिठाची सवयच नव्हती, घालणार कसं? त्यांनी चोरून वर पाहिलं. विहीणबाई वच्छलाबाई घास चावायच्या थांबल्या होत्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी आठवण ठेवली!"

"अं?"

"यांचा बीपी वाढला, डॉक्टरनं मीठ सांभाळा म्हटलं, हे मी गोपिकाताईले फोनवर बोलली होती. सख्खे नातेवाईक आयकत नाहीत, अन् तुमी सगळ्यांसाठी अळणी रांधलं! धन्य हाय बाप्पा!"

विश्वनाथरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. घरच्या अळणीतून सुटका म्हणून तो माणूस काटोलहून एसटीनं आला होता. वच्छलाबाईंनी तिथल्या तिथे गोपिकाबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि भाऊंचं कौतुक सांगितलं. पडद्यावरून गोपिकाबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आमचे हे असेच हायत," त्या म्हणाल्या. "मीठ काहून नाही पडलं, मले बराबर समजलं."

जेवणं झाल्यावर वच्छलाबाई पंख्याखाली आडव्या झाल्या. बाबाराव स्वयंपाकघरात भांडी आवरत होते, तोच मागून वाटी घेऊन विश्वनाथराव आले.

"मिठाचा डबा कुठी हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमाले तर बंद..."

"डॉक्टरनं कमी म्हटलं जी. बंद हिनं केलं!"

बाबारावांना राहवेना. त्यांनी गायीसकट सगळं सांगून टाकलं. "इवाईबुवा, महिनाभरात एकदाही मी जिभेले लावून पाहिलं नाही."

विश्वनाथराव पोट धरून, पण आवाज न करता हसले. मग त्यांनी कढईत चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, चमचा बाबारावांपुढे धरला. "पाहा." पुन्हा चिमूटभर. पुन्हा चमचा. तिसऱ्या खेपेला बाबाराव थबकले. रश्श्यात अचानक लसूण लागला, भाजलेलं खोबरं लागलं, मागून खसखस आली. हे सगळं आपणच घातलं होतं, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी न विचारता आणखी एक चमचा घेतला.

"काय चालू हाय?" दारात वच्छलाबाई उभ्या होत्या.

त्यांनी चमचा हिसकावला, चाखला. आता स्फोट होणार म्हणून बाबाराव ओट्याला टेकले. बाईंनी मात्र पाट ओढला.

"वाढा," त्या म्हणाल्या. "यांच्यासंगं महिनाभर मीबी अळणीच खाऊन राहिली ना!"

त्यांनी दोनदा रस्सा घेतला. नवऱ्याला अर्धी वाटी दिली, तीही मोजून मापून, पण दिली. विश्वनाथरावांनी ती बोटानं निपटली.

पंधरा दिवसांनी श्वेताला मुलगी झाली. बारशाचा बेत ठरवताना वच्छलाबाईंनी फोनवर जाहीरच केलं, की पाटोडी भाऊंच्याच हातची हवी. गोपिकाबाई हादरल्या. "अवो, पन्नास माणूस जेवाले! जमंन काय?"

"जमंन," बाबाराव म्हणाले. "फक्त इवाईबुवाले दोन दिवस आधी पाठवाले सांग."