गफारभाईंनी केलेली माझी पारख

मी बोलतोय ते जरा घरघरत ऐकू येईल, त्याचा राग मानू नका. माझ्या छातीवर दोन पंखे आहेत आणि काम वाढलं की ते जोरात फिरायला लागतात. मी एक ग्राफिक्स कार्ड. संगणकाच्या पडद्यावर चित्र उभं करणं हे माझं काम. किमतीनं स्वस्तातला आहे, पण म्हणून कुणी हिणवलेलं मला खपत नाही.

कारखान्यातच मला माझ्या भावंडांपेक्षा जरा जास्त वेगानं पळायला लावलं. त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. जास्त पळणारा जास्त तापतो, म्हणून मला खास कूलरही दिला: तांब्याच्या नळ्या, पातळ पत्र्याच्या पात्या आणि हे दोन पंखे. हे सगळं माझ्या खोक्यावर मोठ्या दिमाखात छापलं होतं. मला वाटलं, आता जन्माचं सोनं झालं. पुढं जे घडलं त्यानं माझं डोकं जे चक्रावलंय, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

मला विकत घेतलं जळकोटच्या झरीननं. ही पोरगी लोकांची घरं बांधायच्या आधीच पडद्यावर उभी करते. भिंतीला रंग, गॅलरीला काच, दारात गाडी, आणि आपण त्या घरातून चालतोय असं वाटणारा व्हिडिओ. तिचं जुनं कार्ड या कामात मान टाकायचं. त्यातच पुण्याच्या एका ऑफिसनं तिला नोकरीला बोलावलं. आई बेगमबी वारलेली, घरात उरले बाप-लेक दोघंच. झरीननं वडिलांना, गफारभाईंना, सांगून टाकलं, "अब्बा, हे कार्ड चांगलं निघालं तर मी इथंच राहून काम करणार. न्हाय निघालं तर वापस करीन आन् पुण्याला जाईन. पारख तुम्ही करायची."

पारख त्यांच्यावरच का सोपवली, तर गफारभाई म्हणजे जनावरांचे नावाजलेले पारखी. बैल घ्यायचा म्हटलं की पार ईट गावापासूनचे शेतकरी त्यांना बाजारात सोबत न्यायचे. ते दात बघायचे, खूर बघायचे, जनावर चालवून बघायचे. विकणाऱ्यासमोर तोंडानं काहीबाही बोलायचे, उगाच नाक मुरडायचे. खरं मत द्यायचं ते रुमालाखाली. खांद्यावरचा रुमाल घेणाऱ्याच्या हातावर टाकायचा आणि आत त्याची बोटं धरायची. बोटं आवळली तर घ्या, सोडली तर पुढं चला. तोंडानं बोललेलं बाजाराचं आणि रुमालाखालचं इमानाचं, असं ते म्हणायचे. रुमालाखाली त्यांनी कधी कुणाला फसवलं नव्हतं.

तर अशा माणसापुढं मला उभं केलं. झरीननं खोक्यावरचं वाचून दाखवलं आणि वेगाची गोष्ट समजावली. गफारभाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"म्हंजे बाजारात आणायच्या आधी पराणी टोचून पळवलंय की ह्याला!" ते म्हणाले. "असली जनावरं दाखवायपुरती पळत्यात आन् नांगराला जुंपली की बसत्यात. लई बघितलीत म्या."

मी थक्कच झालो. ज्या गुणावर मी छाती फुगवून आलो होतो, त्याच गुणावर पहिला संशय! बैलाशी माझं नातं काय, हेही मला उमगेना.

परीक्षा त्यांच्या पत्र्याच्या खोलीत झाली, तीही एप्रिलातल्या भर दुपारी. संगणकाच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि समोर टेबलफॅन लावला. शेजारच्या बब्रुवानकाकांचं व्हायचं घर पडद्यावर उभं करायचं होतं. काका स्वतः खुर्चीमागं उभे.

"जिन्याखाली म्हशीला जागा ठेव गं," ते म्हणाले.

"काका, तिथं तुम्हीच बाथरूम सांगितलंय."

"मग बाथरूम वर ने. म्हैस वर कशी चढंल?"

मी जीव तोडून धावलो. बाथरूम वर नेलं, म्हैस खाली बांधली, भिंतीवर ऊन पाडलं. पंखे तर गिरणीसारखे गरजत होते. आयुष्यात एवढ्या वेगानं मी कधी काम केलं नव्हतं. गफारभाईंनी पडद्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी डब्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "धाप लागली बघ."

दुसऱ्या दिवशी झरीननं माझा वाढवलेला वेग काढून टाकला आणि मला भावंडांच्या पंगतीला आणून बसवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेच घर पुन्हा चितारायला घेतलं. वेळ लागला तो बशीतला चहा निवेपर्यंत, इतकाच काय तो जास्त. पंखे मात्र शांत. गफारभाई दुपारभर शेजारी बसून राहिले, मधूनमधून डब्याला हात लावत. शेवटी पुटपुटले, "आत्ता चाल लागली." असं ते रोजच बसायला लागले. पळत होतो तेव्हा नापास, आणि चालायला लागलो तर पसंत! कारखान्यातल्या लोकांना हे कुणी सांगितलं नव्हतं का?

निकालाच्या दिवशी गफारभाई दुपार कलल्यावरची अस्रची नमाज पढून आले आणि खाटेवर बसले.

"बोला अब्बा," झरीन म्हणाली.

ते दाराकडं बघत म्हणाले, "वापस कर. दम न्हाय त्याच्यात."

मला ओरडावंसं वाटलं. एवढे दिवस माझ्या पाठीवरून हात फिरवणारा हाच का तो माणूस? झरीननं वाद घातला नाही. तिनं त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्यांच्या आणि आपल्या हातावर टाकला आणि म्हणाली, "आता सांगा."

त्यांनी हात मागं घ्यायला बघितलं. तिनं सोडला नाही. रुमाल बराच वेळ तसाच निपचित पडून होता, मग हलला.

"आवळली!" झरीन ओरडली. "मग तोंडानं खोटं का बोललात?"

"माझ्यापायी हितं अडकून पडायलीस बेटा. वाटलं, खराब म्हणलं की जाशील."

"मला जायचंच न्हाय. मला इथंच राह्यचंय."

"हे बाजाराचं झालं," गफारभाई हळूच म्हणाले. "हात काढू नको. जायचं आसंल तर आवळ."

झरीन हसली. मग तिचं हसू मावळलं आणि ती खाली बघत राहिली. रुमालाखाली काय झालं ते मला दिसलं नाही. गफारभाईंनी डोळे मिटले, एवढंच दिसलं.

"आस्सं," ते म्हणाले आणि त्याच रुमालानं त्यांनी तिचं तोंड पुसलं.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतः मला खोक्यात भरलं. मला वाटलं, चाललो दुकानात परत. पण मी झरीनच्या मांडीवर बसून पुण्याच्या एसटीत निघालो होतो. चांगला निघालो तर ती राहणार, असं ठरलं होतं. मी चांगला निघालो आणि ती गेली. मग मी पास की नापास? कुणाला विचारू?

आता मी पुण्यात, एका खोलीतल्या टेबलाखाली असतो. गफारभाईंनी पसंत केलेल्या चालीनंच चालतो. झरीन दिवसा ऑफिसला जाते. संध्याकाळी फोनवर म्हणते, "लई बरं चाललंय, अब्बा." तिकडूनही तसंच उत्तर येत असावं. फोन ठेवला की ती बब्रुवानकाकांचं घर उघडते. त्या घराशेजारी तिनं एक पत्र्याची खोली काढलीय आणि दारात खाट टाकून तिच्यावर एक माणूस बसवलाय. गिऱ्हाइकांच्या घरांत ती अशी माणसं नेहमीच बसवते, पण त्यांना तोंड नसतं. या माणसाच्या तोंडावर ती महिनाभर काम करतेय. नाक जुळलं की डोळे बिघडतात आणि ती सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करते.

हे काम कुणी सांगितलेलं नाही, कुणाला द्यायचंही नाही. मी तिला एवढंच विनवतो, की बाई, सावकाश कर. तू म्हणशील तितक्या वेळा मी तो माणूस काढीन.