संत्रेवाल्याची हाक

धर्मेंद्र अकोल्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन आला, तेव्हापासून अमरावतीतल्या आमच्या रस्त्यावर एकही जुनी वस्तू दुरुस्त झालेली नाही. काहीही दाखवा, पाहायच्या आधीच हा म्हणतो, "फेका."

माझा डबाही त्याने फेकायलाच सांगितला. डबा म्हणजे कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी उतरवायला मी ते चौदा वर्षांपूर्वी घेतलं होतं. नव्या कॉम्प्युटरला जोडलं की पडद्यावर एकच रड, यूएसबीची वस्तू ओळखता आली नाही.

"चाचा, याचा ड्रायव्हरच भेटत नाई आता," धर्मेंद्र म्हणाला. दोन तास इंटरनेटवरून काय काय उतरवलं आणि वर मलाच अक्कल शिकवली. या डब्याला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, कधी लागलाच नव्हता, खोक्यावर तसं छापलंय. पण वाचणार कोण? डिप्लोमा झालाय ना!

मी नाद सोडला असता, पण समोर सहदेव बसला होता. माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापुढे तो संत्र्याची हातगाडी लावतो. तीस वर्षं त्याने तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला, तीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या, शेवटी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाजच गेला. आता घंटी वाजवत फिरतो आणि पोरं कुल्फी मागायला येतात. मोर्शीकडच्या बागा पाण्यावाचून वाळल्या, माल थोडा, आणि बाकीच्या गाड्यांवर रेकॉर्ड केलेले भोंगे. याची घंटी कोण ऐकतो?

सहदेवची हाक माझ्याकडे कॅसेटवर होती. माइक दुरुस्त झाला की तपासायला मी त्यालाच ओरडायला लावायचो. ती हाक मेमरी कार्डावर आली तर त्याच्याही गाडीवर भोंगा लागून धंदा टिकणार होता, नाहीतर गाडी विकायची वेळ आली होती.

धर्मेंद्र गेल्यावर मी डबा दिव्याखाली धरला. मागे वायर बसते त्या चौकोनी भोकात लाल लगदा! कुंकू, हळद, वर तांदळाचा एक दाणा.

"हे तुयंच काम!" मी सहदेववर ओरडलो.

दर खंडेनवमीला तो आपल्या तराजूबरोबर माझ्या डब्याचीही पूजा करायचा. "तुमी नाई करत बशीरभाई, म्हून मी करतो," असं तेव्हा म्हणायचा. चौदा वर्षं भोकावर कुंकवाची बोटं! इतका मूर्ख माणूस मी साऱ्या वऱ्हाडात पाहिला नाही. त्याने कान पकडले.

टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन मी भोक साफ केलं. कॉम्प्युटरने डबा लगेच ओळखला, तरी आवाज नाही. अर्ध्या तासाने सेटिंगमध्ये सापडलं, माइकची परवानगीच बंद होती, आणि कॉम्प्युटर डब्यालाही माइकच समजतो. ही धर्मेंद्रची कृपा, सुरक्षेसाठी म्हणे! परवानगी दिली आणि कॅसेट लावली.

"ये मोर्शीचाऽऽ संत्रा! गोड नाई निंगाला तं पैसे वापस!"

दुकान भरून गेलं. सहदेवने दोन्ही हात टेबलावर टेकले. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. हाक दोनदा झाली, तीनदा झाली आणि मग कॅसेटवर दुसराच माणूस बोलला. आवाज माझा होता, असाच तुसडा.

"पुरे कर बे सहद्या, कान फाटले. आता तोंड उघडू नको."

मी धडपडत कॅसेट थांबवली. कुणाकुणाला मी काय काय बोललो असेन, आणि हे नेमकं याला. मला स्वतःचीच किळस आली.

"कापतो हे," मी म्हणालो. "भाऊ, मले आठवतच नव्हतं."

सहदेवने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग हसत बोटाने स्वतःचं कपाळ दाखवलं आणि होकारार्थी मान डोलावली. त्याला पहिल्यापासून आठवत होतं.