थ्री-फेज यायच्या आत

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. कॉम्प्युटरच्या डब्यात स्क्रूंनी जखडलेला असतो. प्रोसेसर, रॅम, पंखे सगळे माझ्याच अंगाखांद्यावर, पण कौतुक मात्र स्क्रीनचं होतं! बऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारातल्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. तिथून रितेशने मला फोपनार गावी, केळीच्या मळ्यातल्या घरी आणलं.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. रितेश आणि त्याची बहीण हिमानी माझ्यावर गेम खेळत. पुढे गेम जड होत गेले आणि चित्र अडखळू लागलं. "खटारा झाला हा," रितेश म्हणाला. ते मला फार लागलं. मी थकलो नव्हतो. रॅमला पूर्ण गतीने धावू देणारी सेटिंग माझ्यात बंद पडून होती, इतकंच. हिमानीने ती शोधली. पण ती चालू करताच मी गोठलो, कारण माझं फर्मवेअर जुनं होतं. फर्मवेअर म्हणजे जागं होताना मी सर्वांत आधी वाचतो ती शिकवण. रविवारी भावंडांची बऱ्हाणपुरात गेमची स्पर्धा होती आणि सरावाला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"दादा, पहले इन्व्हर्टरच्या बोर्डात प्लग लाव," हिमानी म्हणाली.

"अगं, लाइट आहे ना! पाच मिनिटाचं तर काम."

त्याने नवं फर्मवेअर भरायला सुरुवात केली. जुनी शिकवण पुसली जात होती, नवी अजून पुरती उतरली नव्हती. अशा वेळी वीज गेली तर मी कायमचा मुका होतो. तेवढ्यात हिमानीने घड्याळ पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"दादा, थ्री-फेज यायचा टाइम झाला!"

आमच्या घराला शेताच्याच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, लाइन आहे. ठरल्या वेळी शेतीची थ्री-फेज वीज आली की आपोआप सुरू व्हायला ऑटोवर ठेवलेल्या दोन्ही मोटारी, आमची आणि शेजारच्या गिरधरकाकांची, एकदम उठतात आणि व्होल्टेज पडून घरातले दिवे मान टाकतात. रितेश हे रोज पाहतो, पण आज नेमका विसरला होता. फर्मवेअर भरणं मध्येच बंद करायची सोय नव्हती. त्याने वडिलांना, भिकनरावांना, फोन लावला.

"पप्पा, मोटारीचा ऑटो काढा! गिरधरकाकाचाबी! जल्दी!"

स्पीकरवर भिकनरावांच्या धावण्याची धाप ऐकू आली. मग त्यांचा आवाज, "गिरधरभाऊ, ऑटो काढ रे!"

"अन् केळीले पाणी कोण देईन मंग?"

"पोरं घाबरले रे भाऊ. थोडं थांब!"

थ्री-फेज आली, दिवा एकदा लुकलुकला, पण मोटारी उठल्या नाहीत. मी भीतीने गारठलो. स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत शेवटाला पोहोचली, मी एकदा विझलो आणि पुन्हा जागा झालो. हिमानी रडत हसली.

रितेशने चालू फोन तोंडाशी धरला. "पप्पा, झालं. द्या पाणी." पलीकडे दोन मोटारी एकामागून एक घरघरल्या.

मित्रांनो, मला गती हवीच आहे. पण एका वेळी एकच सेटिंग बदला, आधीची लिहून ठेवा, माझा ताप बघत राहा आणि मला कोणत्या विजेवर बसवलंय ते विसरू नका. रितेशने आता माझा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डात लावलाय. तरी परवा रॅमची सेटिंग बदलण्याआधी त्याने फोन लावलाच.

"पप्पा, ऑटो काढलाय ना?"

"कवाच काढला रे. तू कर तुझं काम."