साड्यांनी प्यालेली खीर

दीक्षाची युक्ती तिला स्वतःला इतकी बिनतोड वाटली होती, की तिनं ती सकाळी सकाळी सगळ्या वाडीच्या गळी उतरवली.

श्रावण पौर्णिमेचा दिवस. पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला असलेल्या त्या वाडीतल्या बुद्धविहारात दुपारी वंदना होती, आणि ती सांगायची पाळी दीक्षाची होती. यंदा महाडहून आणि शेजारच्या वाड्यांतून पाहुणे यायचे होते. वंदनेला बायकांनी पांढरी साडी नेसायची, ही तिथली रीत. पण आठवडाभर सूर्यानं तोंड दाखवलं नव्हतं. घराघरांत पांढऱ्या साड्या दोरीवर लोंबत होत्या आणि हात लावला की अजून गारढोण लागत होत्या. चुलीवर धराव्यात तर धुरानं पिवळ्या पडायच्या. त्यात लाईट गेलेली, म्हणजे पंखा नाही आणि इस्त्रीही नाही.

आठवीतली दीक्षा घरोघर फिरली. "विहारात खिरीसाठी गॅसच्या दोन शेगड्या लावल्यात. साड्या तिथं टांगू आणि दारं-खिडक्या घट्ट लावू. बाहेरची ओल आत येणार नाय, आतली ऊब बाहेर जाणार नाय. दुपारपर्यंत कडकडीत सुकतील बघा."

बायकांना ते पटलं. कमळाबाईंनी मात्र साडी हातात देताना सोडली नाही, धरूनच ठेवली. वंदनेला त्या पहिल्या रांगेत नसल्या, तर सुरुवात झाली असं कुणाला वाटायचंच नाही.

"गो दीक्षा, माज्याकडं पांढरी ही येकच हाय. नाय सुकली तर मी घरात बसन. आन् पावण्यांनी इचारलं, तर तुजं नाव सांगन."

"सुकणार, आजी. माझी जबाबदारी."

जबाबदारी हा शब्द उच्चारायला फार सोपा असतो. दीक्षानं विहारभर दोऱ्या बांधल्या, साड्या टांगल्या, शेवटी स्वतःचा पांढरा ड्रेसही टांगला. खिडक्या लावल्या. पत्र्याखाली भिंतीत हवेसाठी झरोके होते, त्यांतही गोणपाटाचे बोळे कोंबले. शेगड्यांवर खिरीची दोन पातेली चढली. ढवळायला तिचा चुलतभाऊ अश्विन होता. एरवी तो वीर रेल्वे स्टेशनवर रिक्षा चालवायचा, आज खिरीसाठी घरी थांबला होता.

बऱ्याच वेळानं दीक्षा पाहायला आली. दार उघडताच गरम, दमट हवा तोंडावर आली. अश्विन घामानं निथळत होता. तिनं पहिली साडी चाचपली, दुसरी चाचपली, मग घाईघाईनं तिसरी. साड्या सकाळपेक्षा जास्त ओल्या होत्या. तेवढ्यात तिच्या नाकावर वरून टपकन एक थेंब पडला.

मागोमाग चार बायकांसह आलेल्या कमळाबाईंनी तो थेंब पाहिला. "पत्रा गळतोय. तरी मी सांगत व्हते, नको त्या शान्या पोरीच्या नादी लागू."

"गळतोय कसा?" अश्विन म्हणाला. "पत्रा मे महिन्यात मीच बसवलाय. आन् मघापासनं बाहेर पाऊस कुठं हाय?"

खरंच, बाहेर उघडीप होती. पाऊस बाहेर थांबला होता आणि आत पडत होता.

राजेंद्र गुरुजी पायरीवर चपला काढत होते. शाळेतून निवृत्त झाले, तरी त्यांची एक खोड गेली नव्हती. उत्तर ठाऊक असलं तरी ते आधी प्रश्नच विचारायचे. दीक्षाचा रडवेला चेहरा त्यांनी पाहिला, वर पत्र्याकडे पाहिलं, आणि सरळ पातेल्यापाशी जाऊन उभे राहिले.

"अश्विन, खीर आटली का रे?"

"आटली की. चांगली चार बोटं खाली गेलीय."

"मग ती चार बोटं गेली कुठं?"

अश्विननं आधी पातेल्याखाली पाहिलं, मग गुरुजींकडे. दीक्षाची नजर मात्र पातेल्यावरच्या वाफेवर खिळली. ती वाफ वर चालली होती, पत्र्याकडे. तिथून साड्यांवर.

"साड्यांवर," ती हळूच म्हणाली.

"म्हंजी आमच्या साड्या खीर पितायत?" कमळाबाईंनी विचारलं.

अश्विननं पत्र्यावरून ओघळलेला एक थेंब बोटावर घेऊन चाटला. "गोड नाय लागत."

"नाहीच लागणार. साखर पातेल्यातच राहते, वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी," गुरुजी म्हणाले. "दीक्षा, तू ऊब केलीस ते बरोबर. उबेनं पाणी लवकर उडतं. पण उडून जायचं कुठं, ते तू ठरवलं नाहीस. अश्विन, वीरला रिक्षात किती माणसं घेतोस?"

"कायद्यानं तीन."

"आणि दिव्याची पॅसेंजर गाडी आल्यावर?"

"ते तुमी इचारू नका, गुरुजी."

बायका पदराआड हसल्या.

"हवा म्हणजे रिक्षा असं समज," गुरुजी दीक्षाला म्हणाले. "साडीतलं पाणी म्हणजे स्टेशनवर उभी असलेली माणसं. हवा ती भरून घेते. गार हवेत थोडी मावतात, हवा गरम झाली की दाटीवाटीनं जास्त मावतात. पण रिक्षा भरली आणि फाटकच बंद असलं तर?"

"भरलेली रिक्षा तिथंच अडकेल," दीक्षा म्हणाली. "माणसं उभीच राहतील. आणि ह्या खिरीनं आणखी दोन गाड्यांची माणसं आणून सोडली."

"मग पत्र्यावर थेंब का?"

दीक्षानं वर पत्र्याकडे पाहिलं. गुरुजी अश्विनकडे वळले. "भरलेली रिक्षा घेऊन निघालास आणि पुढं पोलीस दिसला तर काय करतोस?"

"दोघातिघांना उतरवतो. म्हणतो, जरा चालत या पुढं."

"पत्रा गार आहे, म्हणजे तो पोलीस!" दीक्षाच्या तोंडून निघालं. "त्याच्याजवळ गेली की हवा गार होते, जागा कमी पडते, आणि जास्तीचं पाणी उतरवून टाकते."

ती खिडक्यांकडे पळालीच. खिडक्या उघडायला हात घातला, तोच कमळाबाई आडव्या आल्या. "उगडू नको. भायेरची हवा वल्ली हाय. रातभर पावसात भिजलीय ती."

दीक्षा थबकली. मुद्दा खोटा नव्हता. बाहेरची रिक्षाही भरत आलेलीच होती. तिनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी आपली छत्री गुंडाळत राहिले, जणू त्यांनी ऐकलंच नाही. मग तिनं शेगडीकडे पाहिलं.

"आजी, बाहेरून येते ती गार. आत आली की शेगडीपाशी तापेल. तापली की तिच्यात आणखी माणसं मावतील. ती भरली की वरच्या झरोक्यातनं जाऊ द्यायची."

कमळाबाई खिडकीपासून बाजूला झाल्या. "कर बाय काय करायचंय ते. बिघडायचं ते बिघडलंच हाय."

मग एकच धांदल उडाली. एक शेगडी पडवीत गेली आणि पुढची खीर तिच्यावरच शिजू लागली. आतल्या शेगडीवर अश्विननं भाकरीचा मोठा लोखंडी तवा नुसताच तापत ठेवला, म्हणजे ऊब मिळेल पण खिरीची वाफ नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. झरोक्यांतले बोळे निघाले. पत्रा फडक्यानं पुसून घेतला. बायकांनी साड्या पुन्हा पिळल्या आणि चारपदरी होत्या त्या एकपदरी करून लांब लांब टांगल्या. दीक्षा दोऱ्यांखालून ये-जा करत होती, पुन्हा पुन्हा काठ चाचपत होती.

"सारकी चाचपू नको," कमळाबाई म्हणाल्या. "तुज्या हाताचा घाम लागतोय."

हळूहळू साड्या वाऱ्यानं हलू लागल्या. ओलं कापड जड असतं, हलत नाही. हे आधी दीक्षाच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. खिडकीच्या काचेवरचं धुकं कडेकडेनं विरत गेलं आणि पलीकडची भातखाचरं दिसू लागली. नायलॉनच्या साड्या आधी सुकल्या. त्यांच्या मालकिणी त्या घेऊन हसत घरी गेल्या. सुती साड्या रेंगाळल्या, आणि सगळ्यांत शेवटी उरली कमळाबाईंची जाड सुती साडी.

रस्त्यावर पाहुण्यांचा टेम्पो वाजला. कमळाबाई पुढे झाल्या, साडीचा काठ उचलून त्यांनी गालाला लावला आणि डोळे मिटले. त्यांनी दुसरा काठ लावला, मग मधला भाग.

"काठाला इवलीशी ओल हाय," त्या म्हणाल्या. दीक्षाची मान खाली गेली. "तेवडी अंगावर सुकंल. नेसते."

आणि साडी खांद्यावर टाकून त्या घराकडे चालू लागल्या. पायरीवरून वळून म्हणाल्या, "तुजा डरेस बगितलास का गो?"

दीक्षानं आपला ड्रेस पाहिलाच नव्हता. तो दाराआडच्या कोपऱ्यात होता, वारा तिथं पोचलाच नव्हता. कमरेपाशी अजून चांगला दमट होता. तिनं तो तसाच घातला. विहार भरला, पाहुणे बसले, पहिल्या रांगेत कमळाबाई मांडी घालून बसल्या. वंदना सांगायला दीक्षा पुढं उभी राहिली. कमरेला गार लागत होतं, शिरशिरी येत होती. समोर पांढऱ्याशुभ्र रांगा होत्या. तिनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.