हलका दिसणारा प्रोग्रॅम

“सिस्टिमकडून मेमरी मागून घेतलीस, तर काम झाल्यावर परत देत जा गं,” सासरे सांगायचे. डोळ्यांच्या दवाखान्यासाठीचा आमचा प्रोग्रॅम त्यांनीच सुरू केला आणि जाताना माझ्या हाती सोपवला. ते गेले आणि महिन्याभरात दिरांनी तो माझ्याकडून काढून घेतला.

पेशंटची फाइल बंद केली तरी डोळ्यांचे फोटो मेमरीत तसेच पडून राहत. दुपारपर्यंत कॉम्प्युटर धापा टाकायचा. दिरांनी एकच ओळ घातली: दर थोड्या वेळाने सिस्टिमला सांगायचं, आमची सगळी मेमरी काढून घे. वापरातल्या मेमरीचा आकडा धाडकन खाली आला. ऑफिसात टाळ्या.

“भाऊजी, ही मेमरी सुटलेली नाही, नुसती डिस्कवर ढकललीय,” मी म्हटलं. “फोटो बघायचा म्हटलं की पुन्हा तिथून उचलून आणावी लागेल, त्यात वेळ जाईल.”

“वहिनी, तुम्ही पोथी वाचा. कोड मी वाचतो.”

सगळे हसले. मीही हसले. तेव्हाच ठरवलं, ह्यांना तोंडघशी पाडायचं, तेही दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंसमोर.

बाईंना प्रोग्रॅम दाखवायला दिरांनी मुद्दाम सकाळची वेळ घेतली. जप पुरा होईपर्यंत माझं मौन असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. चिठ्ठी लिहून सावध करता आलं असतं. नाही केलं.

दवाखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर दिरांनी आकडा दाखवला. “बघा बाई, कापसासारखा हलका!”

बाई खूश. मी पुढे झाले, मुकाट्याने माउस घेतला आणि मघाशी उघडून ठेवलेल्या पेशंटच्या फोटोवर क्लिक केलं.

स्क्रीनवर चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं.

“अहो, एवढ्या वेळात पेशंटला दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होईल!” बाई म्हणाल्या.

दिरांनी घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. नाम इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

जप पुरा झाला तेव्हा बाई विचारत होत्या, “आता हे नीट कोण करणार?”

“मी. संध्याकाळचे पेशंट यायच्या आत,” मी म्हणाले. “मात्र आजपासून प्रोग्रॅम माझ्याकडे राहील. चालेल ना, भाऊजी?”

बाईंसमोर त्यांना मान हलवावीच लागली.

मी पिशवीतून लॅपटॉप काढला, खुर्ची ओढून घेतली.

“भाऊजी, जरा उजेड सोडता?”

ते बाजूला झाले. त्यांच्या डोळ्यांदेखत ती ओळ पुसली, आणि फाइल बंद होते तिथला कोड उघडून मागितलेली मेमरी परत द्यायच्या कामाला लागले.