खणातला निरोप

डोंगराला वणवा लागून तिसरा दिवस. अग्निशमन दलाच्या फोनखोलीत खुर्च्या सहा, माणसं तीन. बाकीची कुणी धुरानं आजारी, कुणी आपलंच घर रिकामं करायला गेलेली. खिडक्या घट्ट लावल्या होत्या, तरी टेबलावर राखेची साय धरत होती.

ताई या खोलीच्या प्रमुख. कामावर बसताना सगळ्यांचे मोबाइल त्यांच्या खणात जायचे. घरचा निरोप आला तर तो ताई घेणार आणि पाळी संपली की सांगणार, हा नियम त्यांचाच. शेजारच्या खुर्चीवरचे मास्तर म्हणायचे, आमचा संसार ताईंच्या खणात, आम्ही इथे नुसते भाडेकरू.

साडेअकराला खण थरथरला. तिसऱ्या खुर्चीवरच्या मैनाचा भाऊ होता. आईला पहाटेपासून धाप लागलीय, लेकीचं नाव घेतेय, डॉक्टरांनी दुपारचाही भरवसा दिलेला नाही. तिला लगेच पाठवा.

मैना हे नाव तिला आवाजावरून पडलेलं. आवाज असा, की जळत्या घरातला माणूसही घटकाभर सावलीत बसल्यासारखा बोलू लागे. त्या वेळी ती धुरात अडकलेल्या एका म्हाताऱ्याला दाराकडे रांगत न्यायचं बघत होती. लेकराला घास भरवावा तसा एकेक शब्द. एवढा फोन होऊ दे, ताई मनाशी म्हणाल्या. मग शाळेचा फोन आला. मग एका बाळंतिणीचा. एक फोन दुसऱ्याचं बोट धरून येत राहिला, दुसरा तिसऱ्याचं. पाऊण वाजला.

ताईंनी तिला दाराशी नेऊन सांगितलं.

"फोन कधी आला होता?" मैनानं विचारलं.

ओठांवर आलेलं खोटं ताईंनी गिळलं. "साडेअकराला."

"मला विचारायचं तरी, ताई. मी थांबलेही असते."

ती गेली. तिच्या खुर्चीवर ताई बसल्या. कानाला लावायचं यंत्र अजून कोमट होतं. मास्तरांनी पुढचा फोन घेतला.

अर्ध्या तासानं तिच्या फोनचा दिवा लागला. रोजचं वाक्य ताईंच्या तोंडून आलं, "अग्निशमन दल. कुठून बोलताय?"

"पुलाच्या अलीकडून." मैनाच होती. "रस्ता बंद केलाय. बारा वाजताच केला म्हणतात. दुसरी वाट आहे का?"

ताईंनी नकाशा ओढला. कालव्याच्या काठानं पंपघरापर्यंत जा, तिथून डावीकडे पायवाट आहे, असं त्या सांगत होत्या, तेवढ्यात मैना म्हणाली, थांबा, भावाचा येतोय.

ताई थांबल्या. त्यांचं बोट नकाशावर होतं तिथंच राहिलं, तिच्या घरापासून दोन पेरं दूर. समोर चार दिवे लुकलुकत होते, मास्तरांच्या कानाला पाचवा फोन.

मैना परत लाइनवर आली.

"आता वाट नको, ताई."

ताईंना लाइन सोडवेना.

"ठेवा," मैना हळू म्हणाली. "लोक खोळंबलेत."